तिसरं फाटक

मॅग्डालीना, न्यू मेक्सिको
ऑक्टोबर संपता संपता

प्रिय वेर्ना,

'प्रिय' वाचूनच तू कागद खाली ठेवशील आणि म्हणशील, हिला काय झालं. इतकी वर्षं तुला हाक मारली ती हॉर्न वाजवून. पत्राची सुरुवात कशी करतात ते मला कुठून माहीत असणार? दुकानातल्या शुभेच्छापत्रांवर असंच असतं, म्हणून लिहिलं. अक्षरं मोठाली दिसतील, त्यालाही हसू नकोस. जाड काळ्या पेनाने लिहितेय आणि एका कागदावर चार-सहा ओळींतच जागा संपते. आपल्या पेगने बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे पत्र आहे की रस्त्यावरची पाटी?" तिनेच ते तुझ्याकडे पोचवायचं कबूल केलंय आणि फोडून वाचणार नाही अशी शपथही घेतलीय. तरी पाकिटावर कॉफीचा डाग आहे का ते बघ. असला तर तिने वाचलंय असं समज.

फोन केला असता, पण तुमच्या अलामोच्या वस्तीवर फोन लागतो तो टेकडीवर चढलं की, आणि लागला तरी तुझी गाडी "हं"च्या पुढे सरकत नाही. समोरासमोर बसून बोलावं तर आपण दोघी थट्टेवर जाणार आणि बोलायचं ते राहून जाणार. ते राहून जाऊन चालणार नाही, म्हणून हा खटाटोप.

माझ्या डोळ्यांचं मी तुला काही सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये सोकोरोला डॉक्टरकडे गेले होते. पोरगेलासा आहे, पण बोलायला नीट. म्हणाला, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजत चाललाय, गेला तो परत येत नाही. ओळखीच्या रस्त्यांवर, दिवसाउजेडी, जपून चालवा, नोव्हेंबरात पुन्हा तपासू आणि मग तुमच्या लायसन्सचं ठरवू. वेर्ना, मी मान हलवली आणि बाहेर येऊन माझ्या पिकअप ट्रकमध्ये नुसती बसून राहिले. शहरातल्या बाईचं लायसन्स गेलं तर तिची फार तर गैरसोय होते. माझं घर डांबरी रस्त्यापासून आत, तीन फाटकांच्या पलीकडे. पाव, गोळ्या, रविवारची प्रार्थना, सगळं गावात. लायसन्स गेलं की घर गेलं. रुबेनने तर आल्बुकर्कीला फ्लॅट बघूनही ठेवलाय. "आई, लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे, अजून काय पाहिजे?" म्हणाला. मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं. म्हणाला, "पार्किंग." पोरगा वाईट नाही. पण त्याच्या बापाने, माझ्या अब्रानने, मातीच्या विटा स्वतःच्या हाताने पाडून हे घर बांधलं तेव्हा मी त्या विटा उन्हात उलटवायला होते, हे तो विसरला.

म्हणून यंदाच्या आपल्या फेरीवर मी मनातल्या मनात सगळं लावलं होतं. ही फेरी तू, मी आणि पेग दर ऑक्टोबरात करतो. तुझ्या बहिणीसाठी भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची पोती भरायची, गॅलपवरून चिनलीच्या पुढे तिच्या घरापर्यंत जायचं, तिचं मटण खायचं, तिचे टोमणे ऐकायचे आणि परत यायचं. मी ठरवलं होतं, तुम्हा दोघींना मी धड नेलं आणि धड आणलं, तर डॉक्टर काहीही म्हणो, मी अजून गाडी चालवू शकते. नाहीच जमलं तर रुबेनला फोन करायचा. तुम्हाला दोघींना कल्पना नव्हती, असं मी समजत होते.

निघालो तेव्हा सगळं नेहमीसारखंच होतं. स्टिअरिंगवर मी, बाजूला तू, मागच्या सीटवर मिरच्यांच्या पोत्यांमध्ये चेपलेली पेग आणि तिच्या मांडीवर सॉसेजच्या सँडविचांचा डबा, जो बघून तू दरवर्षी नाक मुरडतेस आणि दरवर्षी अर्धा संपवतेस. आपल्याकडे बाजूला बसणाऱ्याने फाटकं उघडायची आणि चालवणाऱ्याने जागचं हलायचं नाही. या नियमाने तू माझ्यासाठी किती फाटकं उघडली असशील देव जाणे. तू तारेचं फाटक लावतेस ते मी नेहमी आरशातून बघत आलेय. खांद्याने खांबाला रेटा द्यायचा, त्याला मिठी मारायची आणि तारेचं कडं अलगद वरून सरकवायचं. पुरुषमाणसं तिथे शिव्या देतात. तू एवढीशी, आणि तुझ्यापुढे ते खांब निमूट वाकतात. हे तुला कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मग उतर आणि तूच लाव.

पहिला घोटाळा दातील गावाच्या अलीकडेच झाला. समोरून काहीतरी येताना दिसलं आणि मी सवयीने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून सलाम केला. ते येत नव्हतं, रस्त्याकडेला उभं होतं. पाण्याची टाकी होती ती, चाकांवरची. पेग मागून हसून हसून लोळली. "टाकीला हात करतेस होय गं? अब्रान जाऊन इतकी वर्षं झाली, पण निदान माणूस तरी बघायचास." मीही हसले. पुढे थोड्याच अंतरावर युसेबियोचा निळा ट्रक शेजारून गेला आणि मी बोट हलवलं नाही. त्याने हॉर्न मारला. या रस्त्यावर ओळखीच्या माणसाला हात न करणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्याच्या बायकोने आतापर्यंत अर्ध्या गावाला सांगितलं असेल की ओतिलियाला शिंगं फुटलीत.

आणि तिथून तू बोलायला लागलीस.

वेर्ना, मी शाळेची बस चालवत होते तेव्हाचं आठवतं तुला? तू शाळेच्या स्वयंपाकघरात होतीस. सगळ्यांत आधी तुला घ्यायची, मग पोरांना. तू माझ्या मागच्या बाकावर बसायचीस आणि पूर्ण पहिलं वर्ष तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "चाकांना साखळ्या लाव." मी लावल्या नव्हत्या, आणि त्या सकाळी आपली बस चिखलात रुतली. तू उतरलीस, फावडं घेतलंस, चाकं मोकळी केलीस आणि परत येऊन बसलीस. मी तुला सांगितलं होतं, असंसुद्धा म्हणाली नाहीस. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ही बाई सोडायची नाही. अब्रान गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, सगळी मला काही ना काही सांगत होती. तू मागच्या दारी लाकडं फोडत होतीस. सगळी गेल्यावर आत आलीस, हात धुतलेस आणि म्हणालीस, "तुझा नवरा लाकडं फार वाईट फोडायचा." त्या दिवसातलं माझं पहिलं हसू ते. अशी तू. आणि तीच तू दातीलपासून गॅलपपर्यंत तोंड मिटेनास.

"पांढरी गाडी येतेय, दोन माणसं आहेत, ओळखीची नाहीत, तरी हात कर." "पुढे वळण आहे, डावीकडचं. इथेच मागे ते ट्रेलर उलटलं होतं बघ." "बघ, रस्ता दुरुस्तीवाले. झेंडीवाली बाई थांबा म्हणतेय. केस काय रंगवलेत तिने." एकेक पाटी, एकेक पूल, एकेक गाय. पेग मागून म्हणाली, "हिला आज चावी कोणी दिली?" मला तर राग आला होता. गॅलपला जेवायला थांबलो तेव्हा मी तुला म्हटलंसुद्धा, "अगं, जरा श्वास घे. कान किटले माझे." तू बर्गरमधली मिरची काढून माझ्या ताटात ठेवत म्हणालीस, "म्हातारी झाले. म्हाताऱ्या बडबडतात." आणि ट्रकमध्ये बसल्याबरोबर पुन्हा सुरू. लोकांनी आपल्याला बडबडी म्हणावं हे तुला किती झोंबत असेल, ते मला आज कळतंय.

चिनलीच्या पुढे, कच्च्या रस्त्याला लागल्यावर, तू त्याच आवाजात म्हणालीस, "सावकाश घे. मेंढ्या आडव्या येतायत, उजवीकडून." मला उजवीकडे नुसती धूळ दिसत होती. मी ब्रेक दाबला. धुळीतून घंटा ऐकू आली आणि मग ती ट्रकच्या नाकासमोरून गेली, एक, दुसरी, मग सगळा कळप. मला त्या शेवटपर्यंत मेंढ्या अशा दिसल्याच नाहीत, काहीतरी मळकट हलतंय एवढंच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर गाडी मी एकटी चालवतच नव्हते. रस्ता तू बघत होतीस आणि मला वाचून दाखवत होतीस, आणि पेगला, मला, कोणालाही ते तसं वाटू नये म्हणून मध्ये मध्ये झेंडीवालीचे केस घालत होतीस.

तुझ्या बहिणीकडे, बेसीकडे, पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. माझ्याकडे बघत तुमच्या भाषेत तुला काहीतरी म्हणाली, तू काहीतरी उत्तर दिलंस आणि दोघी हसलात. मी विचारलं, काय म्हणतेय. तू म्हणालीस, "तू जाड झालीस म्हणतेय." बेसी तेवढंच म्हणाली नसणार. पण तिने माझी वाटी भरताना मटणाचे चांगले तुकडे वर ठेवले आणि त्या वाटीवर माझी बोटं नेऊन टेकवली. मी न बघताच ती धरली. तिलाही कळलं होतं.

सकाळी अंगणात कॉफी घेऊन बसले होते. समोरचा कडा भाजलेल्या मिरचीच्या सालीसारखा लाल असतो त्या वेळी, माहीत आहे मला, म्हणून दिसला असं म्हणते. आता खरं सांगते कसं दिसतं ते. ज्याच्याकडे सरळ बघावं ते पुसलं जातं. कडा बघायला गेले की कडा नाही, भोवतालचं आभाळ आहे. नजर बाजूला केली की तो हळूच कडेने आत येतो. तेव्हा तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, आणि मी समोर त्या कड्याकडे बघत होते म्हणून तू मला स्वच्छ दिसलीस. गळ्यातला पिरोजाचा खडा, कपाळावरची ती जुनी खूण, कपावर धरलेली बोटं. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की रडूच आलं, आणि मी म्हटलं कॉफी कडू आहे. तू म्हणालीस, "बेसीला सांग, हिंमत असेल तर."

परतीच्या वाटेवरही आपलं नाटक चालूच होतं. तू बडबडत होतीस, मी तुला दटावत होते. मला वाटू लागलं, जमलं. घर जवळ आलं होतं. म्हणूनच दातीलच्या पुढे मी पेगच्या दिराच्या कुरणातून जाणारी आडवाट धरली. अंतर वाचतं ही सबब. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. ऊन पाठीमागे होतं, हवा स्वच्छ होती, दोष द्यायला काही म्हणून नव्हतं. आणि तू म्हणालीस, "फाटक. बंद आहे. थांब." जराही आवाज न चढवता. मला समोर फाटक नव्हतं, वेर्ना. करडं गवत होतं आणि रस्ता होता. केवळ तू म्हणालीस म्हणून थांबले, आणि इंजिनाच्या नाकावर तार टेकल्याचा तो बारीकसा आवाज मी अजून ऐकते आहे. मागे पेग बसली होती. एका क्षणाचा उशीर आणि त्या तारा, तो खांब, काच फोडून आत.

मी वाट बघत राहिले. बाजूला तू, नियमाने तुझं काम, तू उतरून फाटक उघडायचं. तू उतरली नाहीस. हात मांडीवर ठेवून समोर बघत बसलीस. रागावलेली नव्हतीस, ते मला कडेने दिसत होतं. नुसती बसलीस, जसं आपण बेसीच्या दारात बसतो, घाई नसल्यासारखी. इंजिन चालू होतं. आणि मग मला समजलं, तू मला काही सांगत नाहीयेस, विचारतही नाहीयेस. जे काही आहे ते मी ठरवावं म्हणून थांबली आहेस, आणि मला लागेल तितका वेळ थांबणार आहेस.

मी माझं दार उघडून खाली उतरले.

अगं, किती वर्षांनी मी फाटकाला हात लावला. कडं खेचून खेचून तळहाताची सालं निघाली. पेग खिडकीतून ओरडली, "मी येऊ का गं?" आणि तुझा आवाज ऐकला मी, "बस खाली. तिचं काम आहे ते." वेर्ना, ते ऐकून मी जे खांबाला मिठी मारली ना, कडं सुटलंच. वळून बघते तर तू सरकून स्टिअरिंगमागे बसलेली, आरसा नीट करत होतीस, माझ्याकडे मुद्दाम न बघता. ट्रक पलीकडे नेलास. मी फाटक होतं तसं परत लावलं, वाकडंतिकडं का होईना, आणि तुझ्या जागेवर येऊन बसले. ती जागा अजून गरम होती. तू सीट इतकी पुढे ओढली होतीस की तुझं नाक काचेला लागायचं बाकी होतं. मागून पेगने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "मला काय गाढव समजलात दोघी? टाकीला हात केलास तेव्हापासून मी मागे डोळे मिटून प्रार्थना करतेय. सँडविचही गोड लागलं नाही मला."

आणि त्यानंतर घरापर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. वाचून दाखवायचं कारणच उरलं नव्हतं. इतका सुंदर गप्पपणा मी आयुष्यात ऐकला नाही. एकदा फक्त स्टिअरिंगवरून तुझी दोन बोटं उचललेली कडेने दिसली आणि समोरून युसेबियोचा हॉर्न आला. मीही हात केला. आता त्याच्या बायकोकडे सांगायला दुसरी बातमी असेल.

मी इतकी वर्षं स्वतःला धीट समजत आले. पण दुसऱ्याची लाज राखायला आपली जीभ झिजवायची, आणि वेळ आली की नुसतं बसून राहायचं, हे धैर्य मला कधी जमलं नसतं. तू मला जाताना गाडी चालवू दिलीस आणि येताना माझी मला उतरू दिलंस. रुबेनने, डॉक्टरने, कोणीही माझ्या हातून किल्ली काढून घेतली असती तर मी त्या फ्लॅटच्या खिडकीत बसून पार्किंग बघत मेले असते. तू काढून घेतली नाहीस.

आता हे कशासाठी लिहितेय ते. त्या संध्याकाळी तू ट्रक घेऊन घरी गेलीस, "शनिवारी परत आणते" म्हणालीस. मला तुझी खोड माहीत आहे, टाकी भरून, आतून झाडून आणशील. शनिवारी ये, पण परत करायला येऊ नकोस. या पाकिटात दुसरी किल्ली आहे. मी आज रुबेनला फोन केला आणि सांगितलं, फ्लॅट दुसऱ्या कोणाला दे, मला ड्रायव्हर मिळाली आहे, फार बोलत नाही. तुझा ट्रक गेल्या हिवाळ्यापासून विटांवर उभा आहे, पाण्याची पिंपं भाच्याच्या मर्जीने येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे दान आहे असं तू समजशील आणि किल्ली पेगच्या हाती परत पाठवशील, याचीच मला भीती वाटतेय. दान नाही गं. हा मतलब आहे, माझा. तू आलीस तर मी माझ्या घरात राहते, नाही आलीस तर नाही. आठवड्यातून एकदा मला गावात ने, आणि ऑक्टोबरात बेसीकडे. स्टिअरिंग तुझं, फाटकं माझी. शनिवारी तू एकटी येणार, तेव्हा पहिली दोन तुला उतरून उघडावी लागतील, त्याला इलाज नाही. तिसऱ्यापाशी मी उभी असेन. हॉर्न वाजवू नकोस, त्या ट्रकचा आवाज मला ओळखता येतो. तो आला की मी कडं काढते.

तुझीच, आता बाजूला बसणारी,
ओतिलिया